वाटाण्याच्या चार ओळींत मेंडेलचा नियम: आपल्या वावरात करून पाहण्याची रीत

कपाशीचे बियाणे दरवर्षी दुकानातून आणावे लागते, आणि सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे बियाणे मात्र घरचे राखलेले चालते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. संकरित कपाशीची सरकी राखून पुढच्या वर्षी लावली, तर पऱ्हाटी कुठे उंच, कुठे ठेंगणी येते, बोंडे लहानमोठी धरतात आणि वावर एकसारखे दिसत नाही. याचे कारण विचारले, तर “बियाण्याची ताकद गेली” असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. ताकद गेलेली नसते. आई-बापाकडून आलेले गुण पुढच्या पिढीत सुटे होऊन नव्याने वाटले जातात, आणि ही वाटणी मोजता येईल अशा ठरावीक प्रमाणात होते.

ही गोष्ट ग्रेगोर मेंडेल या मठवासी धर्मगुरूंनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग करून दाखवून दिली, १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तेथील अभ्यासक मंडळापुढे वाचली आणि १८६६ मध्ये छापली. तिच्याकडे जवळपास कोणी लक्ष दिले नाही. मेंडेल १८८४ मध्ये वारले, आणि १९०० मध्ये द व्हरीस, कोरेन्स आणि चेर्माक या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांना आपापल्या प्रयोगांतून तोच नियम पुन्हा सापडला, तेव्हा कुठे त्यांच्या निबंधाची धूळ झटकली गेली.

आज हा नियम दहावीच्या आसपास प्रत्येक मुलाला पाठ करावा लागतो, परंतु ज्या मुलाच्या घरी वावर आहे, विहीर आहे आणि रब्बीत ओल टिकवणारी काळी जमीन आहे, त्याने तो केवळ पाठ करावा, हे मला योग्य वाटत नाही. मेंडेलकडे जे होते, ते सारे आपल्या गावात आहे. लागतात ती फक्त दोन रब्बी हंगामांची चिकाटी आणि दाणे प्रामाणिकपणे मोजण्याची तयारी. शाळेच्या आवारात, परसात किंवा विहिरीजवळच्या एखाद्या वाफ्यात हा प्रयोग कसा करावा, ते पुढे सविस्तर दिले आहे.

बियाणे कोणते घ्यावे

दोन वाण हवेत, आणि ते दाण्याच्या रूपात एकमेकांपासून स्पष्ट वेगळे हवेत. एक आर्केल, म्हणजे भाजीच्या हिरव्या शेंगांसाठी सर्वत्र लावला जाणारा लवकर येणारा वाटाणा. त्याचा वाळलेला दाणा सुरकुतलेला असतो आणि आतली डाळ हिरवट असते. दुसरा उसळीचा पांढरा वाटाणा, ज्याचा दाणा वाळल्यावरही गोल गुळगुळीत राहतो आणि आतली डाळ पिवळी असते. किराणा दुकानातला पांढरा वाटाणा बरेचदा बाहेर देशांतून आलेला आणि फार दिवस साठवलेला असतो, त्यामुळे तो उगवेलच असे नाही. कृषी सेवा केंद्रातून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून बियाण्याचाच वाटाणा मिळाला, तर उत्तम. जांभळ्या फुलांचा वाण या प्रयोगासाठी घेऊ नये, कारण त्याच्या दाण्याची साल रंगीत असते आणि आतला रंग सालीतून दिसत नाही.

बियाणे शुद्ध आहे की नाही, हे आधी तपासणे फार महत्त्वाचे आहे. मेंडेलनी बाजारातून ३४ वाण आणले, दोन वर्षे ते नुसते लावून पाहिले आणि त्यांतले २२ पुढच्या कामासाठी ठेवले. आपल्याला दोन वर्षे देता आली नाहीत, तरी पेरणीआधी प्रत्येक वाणाचे पन्नासेक दाणे ताटात पसरून पाहावेत, वेगळे दिसणारे काढून टाकावेत, आणि हंगामाच्या शेवटी त्या वाणाच्या संकर न केलेल्या झाडांवर त्याच जातीचा दाणा धरला आहे याची खात्री करून घ्यावी. ज्या झाडावर ती खात्री पटत नाही, त्याच्याशी केलेला संकर मोजणीत धरू नये.

पेरणीची वेळ साधणे

सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरची उन्हाची काहिली उतरली की वाटाणा पेरावा. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ आपल्याकडे सोयीचा आहे, कारण फुलोरा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आला पाहिजे. ऊन वाढले की फुले गळतात आणि दाणा नीट भरत नाही. येथे एक अडचण येते. आर्केल लवकर फुलतो आणि उसळीचा वाटाणा बराच उशिरा, म्हणून दोन्ही एकाच दिवशी पेरले तर दोघांची फुले एका वेळी मिळत नाहीत. यावर उपाय असा, की पांढरा वाटाणा आधी पेरावा आणि आर्केल त्यानंतर आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा, एकेक ओळ याप्रमाणे पेरावा. या तिन्हींपैकी एका ओळीची फुले तरी जुळतातच.

उसळीच्या वाटाण्याचे वेल उंच वाढत असतील, तर त्यांना तुराट्यांचा आधार द्यावा. दोन झाडांत वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे कळीपर्यंत हात पोहोचतो. जंगलालगतच्या गावांत रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत सगळा प्रयोग संपवतात, म्हणून वाफा धुऱ्यावर किंवा नाल्याकाठी न घेता घराजवळ, कुंपणाच्या आत घ्यावा. भुरी रोग दिसू लागला तर गंधकाची नेहमीची फवारणी पुरते.

संकर

साहित्य थोडे आहे: बारीक टोकाचा चिमटा, सुई, भिंग, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस, पांढरा दोरा, कागदाच्या लहान चिठ्ठ्या आणि पेन्सिल. शाईने लिहू नये, दवाने ती फुटते.

आई म्हणून आर्केल घ्यावा आणि बाप म्हणून पांढरा वाटाणा. उलटे केले तरी नियम तोच राहतो, हे मेंडेलनीही दाखवले आहे. परंतु सुरकुतलेल्या हिरव्या दाण्याच्या झाडाला आई केले, तर संकर साधला की फसला हे त्याच हंगामात, शेंग वाळताच कळते. ते कसे, हे पुढे येईल.

वाटाण्याच्या फुलात परागकोश फूल उमलण्याआधीच, कळी मिटलेली असतानाच फुटतात, आणि झाड स्वतःचाच पराग स्वतःला लावून घेते. मेंडेलनी वाटाणा निवडला, तो या स्वभावामुळेही: माणसाने हात लावला नाही, तर बाहेरचा पराग सहसा आत येत नाही. म्हणून आपल्याला कळी त्याआधी गाठावी लागते. अशी कळी शोधावी, जिच्या पाकळ्या हिरव्या निदलांच्या टोकाबाहेर नुकत्याच डोकावू लागल्या आहेत, पण सर्वांत मोठी पाकळी, म्हणजे ध्वज, अजून घट्ट मिटलेली आहे. याहून लहान कळी हाताळताना मोडते, आणि याहून मोठीत पराग आधीच सांडलेला असतो.

सकाळी दव ओसरल्यावर काम सुरू करावे. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत कळीचा तळ हलकेच धरावा, उजव्या हातातील सुईने ध्वज मागे सारावा आणि दोन्ही बाजूंच्या पंखपाकळ्या बाजूला कराव्यात. आत होडीच्या आकाराची जुळलेली फिकट पाकळी दिसते. तिला नौका म्हणतात. तिची शिवण सुईच्या टोकाने अलगद उसवली की आतले दहा पुंकेसर दिसतात, नऊ तळाशी एकमेकांना चिकटलेले आणि एक सुटा. प्रत्येकाच्या टोकावर हिरवट-पिवळा, मोहरीहूनही लहान परागकोश असतो. भिंगातून पाहावे: परागकोश टणक आणि चकचकीत असेल तर ठीक, पिवळी भुकटी सुटलेली दिसली, तर ती कळी सोडून द्यावी. चिमट्याने एकेक परागकोश उचलून काढावा आणि दहा मोजावेत. नऊ निघाले आणि दहावा सापडला नाही, तर तो आत राहिला असेच समजावे. मधोमध जो हिरवा, चपटा, शेंगेच्या पिल्लासारखा भाग आहे, त्याला चिमटा लागू देऊ नये, कारण तोच पुढे शेंग होतो. त्याच्या टोकाचा दांडा वर वळलेला असतो आणि त्याच्या आतल्या बाजूवर बारीक केसांचा झुपका असतो. भिंगातून तो स्पष्ट दिसतो. अगदी टोकाला कुक्षी, आणि पराग लावायचा तो तिथेच.

त्यानंतर पांढऱ्या वाटाण्याचे त्याच सकाळी उमललेले किंवा उमलण्याच्या बेतात असलेले फूल तोडून आणावे. ध्वज आणि पंख काढून नौका खाली दाबली की पिवळ्या परागाने माखलेला केसाळ दांडा बाहेर येतो. तोच कुंचला म्हणून वापरावा. चिमट्यात धरून त्याचे टोक आर्केलच्या कुक्षीवर दोन-तीनदा हळूच टेकवावे. पराग लागला की कुक्षीवर पिवळे कण बसलेले भिंगातून दिसतात. मग आर्केलच्या पाकळ्या पुन्हा जागेवर आणून मिटाव्यात, म्हणजे आतली नाजूक कुक्षी उन्हाने वाळत नाही. देठाला दोरा बांधावा, चिठ्ठीवर आईचे नाव, बापाचे नाव आणि तारीख पेन्सिलने लिहावी. पुढच्या कळीला हात लावण्याआधी चिमटा स्पिरिटने पुसावा.

काही कळ्या गळून पडतात, नवख्या हाताच्या तर बऱ्याच पडतात. त्यामुळे पंधरा-वीस कळ्या कराव्यात. त्यांतल्या चार-पाच शेंगा धरल्या, तरी काम भागते. हे काम मुलींच्या बारीक बोटांना विशेष चांगले साधते. शाळेत प्रयोग करणाऱ्या शिक्षकांनी चिमटा त्यांच्या हाती आवर्जून द्यावा.

पहिल्या हंगामाची शेंग

शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्याव्यात. ओला असताना आर्केलचा दाणाही गोलच दिसतो. सुरकुती वाळल्यावरच पडते. वाळलेल्या शेंगा सावलीत ठेवाव्यात, कारण कडक उन्हात हिरव्या दाण्याचा रंग उडतो आणि तो पिवळ्यासारखा दिसू लागून मोजणी चुकते.

आता चिठ्ठी बांधलेली शेंग फोडावी. दाण्याचा आकार आणि डाळीचा रंग हे गुण आईच्या झाडाचे नसून आतल्या नव्या रोपाचे असतात, कारण डाळ हीच त्या रोपाची पहिली पाने. त्यामुळे सुरकुतलेल्या हिरव्या आईच्या शेंगेत जर गोल पिवळे दाणे निघाले, तर ते बापाच्या परागाचेच काम आहे आणि संकर साधला आहे. सुरकुतलेले हिरवे दाणे निघाले, तर कळीत स्वतःचाच पराग राहून गेला होता. ती शेंग बाजूला ठेवावी.

साधलेल्या शेंगांतले सर्व दाणे गोल आणि पिवळे असतील. मधलेअधले, म्हणजे किंचित सुरकुतलेले किंवा पोपटी, असे काही दिसणार नाही. आई-बापाचे गुण एकमेकांत मिसळून मधला गुण तयार होतो, ही मेंडेलच्या आधीची समजूत होती आणि आजही अनेकांच्या मनात ती आहे; हा एक मूठभर दाणा ती खोटी ठरवतो. जो गुण दिसला त्याला प्रभावी म्हणतात आणि जो लपला त्याला अप्रभावी. अप्रभावी म्हणजे दुबळा किंवा वाईट नव्हे. सुरकुतलेला वाटाणा तर चवीला अधिक गोड असतो, आणि त्याचे कारणही सापडलेले आहे: साखरेपासून फांद्या फुटलेला स्टार्च बनवणारे एक विकर त्याच्यात काम करत नाही, त्यामुळे दाण्यात साखर आणि तिच्यासोबत पाणी जास्त साठते, आणि वाळताना पाणी निघून गेले की साल सैल पडून सुरकुतते. हिरवा दाणा हिरवा राहतो, तो हरितद्रव्य मोडण्याची क्रिया त्याच्यात अडते म्हणून.

हे गोल पिवळे दाणे, म्हणजे पहिली संतती पिढी, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात पावसाळाभर ठेवावेत. कडधान्याचा भुंगेरा त्यात शिरला तर पुढचे वर्ष वाया जाते.

दुसरा हंगाम आणि मोजणी

पुढच्या रब्बीत हे दाणे लावावेत, आणि त्यांना काहीही करू नये. कळ्यांना हात लावायचा नाही. झाडे आपली आपण फलित होतील. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि वाळलेल्या शेंगा झाडागणिक वेगवेगळ्या पिशवीत भराव्यात. येथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून नीट लक्षात घ्यावे: झाड पहिल्या पिढीचे आहे, पण त्याच्या शेंगेतला दाणा दुसऱ्या पिढीचा आहे. तो पेरून आणखी एक वर्ष थांबण्याची गरज नाही. शेंग फोडली की दुसरी पिढी हातात आहे.

एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले, पिवळे आणि हिरवे दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतील. एक पूर्ण पिढी जो सुरकुतलेला दाणा कुठेच नव्हता, तो जसाच्या तसा परत आलेला असतो, जराही फिका न पडता. या सगळ्या प्रयोगात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

मोजताना पांढऱ्या कापडावर चार ढीग करावेत: गोल पिवळे, गोल हिरवे, सुरकुतलेले पिवळे, सुरकुतलेले हिरवे. शेंगेत दाबला जाऊन ज्याच्या अंगावर एखादाच खळगा पडला आहे, तो दाणा गोलच धरावा. सुरकुती सगळ्या अंगावर असते. रंगाबद्दल शंका आली तर साल सोलून डाळ पाहावी. किडलेला किंवा अपुरा भरलेला दाणा कोणत्या ढिगात टाकायचा, हे मोजणी सुरू करण्याआधी ठरवावे, नंतर नव्हे. आकडा जुळवण्यासाठी दाणा इकडचा तिकडे करण्याचा मोह होतो, आणि तो टाळण्याचा हा एकच मार्ग आहे.

मेंडेलनी अशा १५ झाडांवरून ५५६ दाणे मिळवले. त्यांत ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे आणि ३२ सुरकुतलेले हिरवे होते. हे प्रमाण जवळजवळ ९ : ३ : ३ : १ आहे. फक्त आकार पाहिला तर ४२३ गोल आणि १३३ सुरकुतलेले. फक्त रंग पाहिला तर ४१६ पिवळे आणि १४० हिरवे. दोन्हींत सुमारे ३ : १. केवळ आकारासाठी केलेल्या त्यांच्या मोठ्या प्रयोगात २५३ झाडांवरून ७३२४ दाणे आले, त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. रंगासाठी ८०२३ दाण्यांत ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे.

आपले आकडे इतके नेटके येणार नाहीत, आणि त्याने खचून जाऊ नये. मेंडेलच्याच एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले दाणे होते, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. हे आकडे त्यांनी लपवले नाहीत, निबंधात छापले. एका झाडावरून निष्कर्ष काढू नये, हाच त्याचा अर्थ. ढोबळ कसोटी अशी: १०० दाण्यांत गोल दाणे ६६ ते ८४ यांच्या दरम्यान आले तर ३ : १ शी विरोध नाही, ४०० दाणे असतील तर ते साधारण २८३ ते ३१७ यांच्या दरम्यान यावेत. दाणे जितके वाढतात तितकी टक्केवारीतली चूक आवळत जाते, म्हणून गावातल्या चार शाळांनी मिळून प्रयोग करून आकडे एकत्र केले, तर फारच चांगले.

आकड्यांचा अर्थ चौकटीत मांडणे

आता वही घ्यावी. गोल आकाराच्या घटकाला “ग”, सुरकुतलेल्याला “स”, पिवळ्याला “प” आणि हिरव्याला “ह” म्हणावे. प्रत्येक झाडात प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेला. या घटकांनाच आज आपण जनुके म्हणतो. आर्केल ससहह, पांढरा वाटाणा गगपप. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतला एकच घटक त्यात जातो. म्हणून पहिली पिढी गसपह, आणि ती दिसायला गोल पिवळी.

या गसपह झाडाचा परागकण चार प्रकारचा असू शकतो: गप, गह, सप, सह. बीजांडही याच चार प्रकारचे. चार उभे आणि चार आडवे रकाने आखून सोळा चौकोन भरावेत. ज्या चौकोनात एक तरी “ग” आणि एक तरी “प” आहे, असे नऊ सापडतात; “ग” आहे पण “प” नाही असे तीन; “प” आहे पण “ग” नाही असे तीन; आणि दोन्ही नाहीत असा एकच. मुलांनी हे चौकोन स्वतः भरून मग कापडावरच्या चार ढिगांकडे पाहावे.

हे सोळा चौकोन सारख्या वाट्याचे धरता येतात, कारण आकाराचे जनुक आणि रंगाचे जनुक वाटाण्याच्या पेशीतल्या सात गुणसूत्रजोड्यांपैकी (गुणसूत्र म्हणजे जनुके ज्यावर ओळीने असतात तो धागा) वेगवेगळ्या जोड्यांवर आहेत, त्यामुळे एकाची वाटणी दुसरीला बांधलेली नाही. दोन जनुके एकाच गुणसूत्रावर जवळ जवळ असतील, तर ती बहुधा सोबतच जातात आणि ९ : ३ : ३ : १ येत नाही. मेंडेलचा दुसरा नियम, म्हणजे दोन गुणांची वाटणी एकमेकींपासून स्वतंत्र होते हा, सर्व गुणांना सरसकट लावू नये, तो यामुळेच.

ज्यांना तिसऱ्या रब्बीपर्यंत उत्साह टिकवता येईल, त्यांनी दुसऱ्या पिढीचे फक्त गोल दाणे लावून प्रत्येक झाडाचे दाणे वेगळे तपासावेत. सारखे दिसणारे हे गोल दाणे आतून सारखे नसतात: तीनांतला एक गग असतो आणि त्याच्या झाडावर फक्त गोल दाणे येतात, उरलेले दोन गस असतात आणि त्यांच्या झाडांवर पुन्हा दोन्ही प्रकार येतात. मेंडेलनी अशी ५६५ झाडे पाहिली. १९३ शुद्ध निघाली, ३७२ मिश्र. येथे एक दक्षता घ्यावी. मिश्र झाडावरही नुसते गोल दाणेच येण्याचा योग असतो. झाडावर दहाच दाणे असतील तर अशी फसगत शंभरात पाच-सहा वेळा होईल, वीस असतील तर हजारात तीन वेळा. म्हणून वीसपेक्षा कमी दाण्यांचे झाड शुद्ध म्हणून नोंदवू नये.

सरकीचा हिशेब

आता कपाशीकडे येऊ. संकरित कपाशी म्हणजे वाटाण्याची पहिली पिढीच: दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा संकर, आणि म्हणून सगळे वावर एकसारखे. तिची सरकी राखणे म्हणजे दुसरी पिढी लावणे. वाटाण्यात आपण दोनच जोड्या पाहिल्या. कपाशीची उंची, बोंडाचे वजन, धाग्याची लांबी या गुणांवर अनेक जनुकांचा परिणाम होतो. आई-बाप समजा दहा सुट्या जनुकांत वेगळे असतील, तर दुसऱ्या पिढीत प्रत्येक जोडी मिश्र राहण्याची शक्यता निम्मी, आणि दहाही जोड्या पहिल्या पिढीसारख्या मिश्र असलेले झाड १०२४ मध्ये सरासरी एक. बाकीची झाडे इतक्या प्रकारांनी वेगळी होतात, की ढीग करून मोजणेही शक्य नसते.

भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीलाही, म्हणजे बोंडअळीला मारक असे जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीलाही, हाच हिशेब लागू होतो. संकरित झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आले असेल, तर त्याच्या स्वफलित बोंडातल्या सुमारे चौथाई सरकीत ते जनुक नसते, आणि त्या सरकीपासून आलेल्या झाडाला बोंडअळीपासून ते संरक्षण मिळत नाही.

सोयाबीन आणि हरभरा स्वतःचाच पराग घेतात, आणि जेएस-३३५ किंवा जाकी-९२१८ यांसारखे सरळ वाण अनेक पिढ्या निवडून शुद्ध केलेले असतात. प्रत्येक स्वफलित पिढीत मिश्र जोड्या निम्म्या होतात, सहाव्या पिढीअखेर चौसष्टाव्या भागावर येतात. वाटायला वेगळे असे फारसे उरतच नाही. म्हणून त्यांचे घरचे बियाणे चालते. तुरीच्या फुलावर मधमाश्या परका पराग आणतात, तेव्हा तुरीचे बियाणे राखायचे असेल तर दुसऱ्या वाणाच्या वावरापासून दूरच्या, मधल्या ओळींतले राखावे.

हाच चौकोन माणसासाठी

विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेल आजार अनेक घरांत आहे, आणि त्याची वाटणी याच नियमाने होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका जनुकात बदल असतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर माणूस रुग्ण, एकच असेल तर वाहक. वाहकाला सहसा त्रास होत नाही, तरी त्याच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते, त्यामुळे तपासणीत तो ओळखता येतो. वाटाण्यातही तसेच आहे: गस दाणा डोळ्यांना गोल दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या स्टार्चचे कण मधल्या प्रकारचे असतात.

वहीत चारच चौकोन आखावेत. वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले, तर मूल रुग्ण होणार नाही. वाहक होण्याची शक्यता निम्मी. रुग्ण आणि निरोगी, तर सर्व मुले वाहक. रुग्ण आणि वाहक, तर प्रत्येक मूल रुग्ण होण्याची शक्यता निम्मी. दोघेही वाहक असतील, तर रुग्ण होण्याची शक्यता चौथाई, वाहक होण्याची निम्मी आणि पूर्ण निरोगी होण्याची चौथाई. ही चौथाई चार मुलांत एकदाच येणारी पाळी नव्हे. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही, आणि दोन मुले निरोगी झाली म्हणून तिसऱ्याचा धोका वाढतही नाही. प्रत्येक गरोदरपणात तीच चौथाई नव्याने लागू होते. मूल रुग्ण निघाले की दोष आईच्या माथी मारला जातो, तेव्हा हे चार चौकोन घरच्या मोठ्यांपुढे आखून दाखवावेत: रुग्ण मुलात एक प्रत बापाकडूनच आलेली असते.

घरातल्यांची अवस्था चेहऱ्यावरून किंवा ऐकीव माहितीवरून ठरवू नये, रक्त तपासूनच ठरवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. वाहक आणि रुग्ण यांतला फरक तीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची तपासणी लागते. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असेल, तरीही मूल आजारी होऊ शकते, त्यामुळे लग्न ठरवताना नुसता “सिकलसेल नाही” असा अहवाल न पाहता दोघांचाही एचपीएलसी अहवाल डॉक्टरांना दाखवावा. लग्न आधीच झाले असेल आणि दोघेही वाहक निघाले असतील, तर दिवस राहताच लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून करता येते आणि ती कुठे होते याची चौकशी करून तेथे पोहोचण्यातच बराच वेळ जातो.